देवांची देवघेव

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा आलेख)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या एका अध्यापकाने जपानमधील चिनी मातीच्या मूर्तींवर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यावर दोघा-तिघा सभासदांनी तसे बोलूनही दाखविले. त्यांना मी एवढेच सांगितले, की या मूर्ती ज्या सात देवांच्या आहेत त्यांतील तिघे मूळचे आपल्याकडचे; आणि त्या तिघांतील एकीची तसबीर आपल्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर आहे. जिला वंदन करून आपण प्रत्येक सभा सुरू करतो, ती सरस्वती परदेशी गेल्यावर तिचे काय झाले, हे पाहणे मराठीच्या अध्यापकाच्या कक्षेबाहेरचे खचित नाही. शिवाय आपण सारे मराठी मुलुखाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे आहोत. परक्या भूमीत बिऱ्हाड केल्यावर काय टिकते, काय बदलते आणि काय हरवते, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. त्याच प्रश्नाकडे आज या वीतभर उंचीच्या मूर्तींच्या निमित्ताने पाहावयाचे आहे.

प्रथम या देवमंडळाचा परिचय करून देतो. जपानमध्ये सात भाग्यदेवांचा एक समूह आहे. त्याला ‘शिचिफुकुजिन’ म्हणतात. शिचि म्हणजे सात, फुकु म्हणजे भाग्य आणि जिन म्हणजे देव. हे सातही देव निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या वाटांनी आलेले. पंधराव्या शतकाच्या सुमारास ते एका पंगतीत बसू लागले आणि पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, व्यापारी पेठांतून घरोघर पोचले. लाकूड, हस्तिदंत, कासे, भाजलेली माती, चिनी माती अशा नाना माध्यमांत त्यांच्या मूर्ती घडल्या. दिवाणखान्यातील सजावटीच्या कोनाड्यात, दुकानाच्या गल्ल्याजवळ, स्वयंपाकघरातील फळीवर त्या ठेवीत.

मूर्ती ओळखणे मुळीच कठीण नाही. हातात गळ आणि बगलेत लालसर मासा घेतलेला, टोपी घातलेला हसरा कोळी म्हणजे एबिसु. त्या माशाचे जपानी नाव ‘ताई’. आपल्याला ऐकताना हसू येईल. परंतु त्यांच्या भाषेत शुभ, मंगल या अर्थाचा ‘मेदेताई’ असा शब्द आहे, आणि त्यातील नादसाम्यामुळे हा मासा शुभशकुनाचा ठरला. पाठीवर भलेमोठे गाठोडे, उजव्या हातात मोगरी आणि पायांखाली भाताची दोन पोती असलेला ठेंगणा, गुबगुबीत देव तो दाइकोकु. त्याच्या आसपास बहुधा एखादा उंदीर असतो. चिलखत घातलेला, एका हातात भाला आणि दुसऱ्या हातावर लहानसा स्तूप धरलेला योद्धा म्हणजे बिशामोन. सातांतील एकमेव स्त्री, मांडीवर ‘बिवा’ नावाचे तंतुवाद्य घेऊन बसलेली, ती बेन्झाइतेन. उघडे पोट, पाठीशी झोळी आणि चेहऱ्यावर मोकळे हसू असलेला भिक्षू तो होतेई. उरलेले दोघे वृद्ध आहेत. कपाळ हातभर उंच असलेला फुकुरोकुजु, आणि हरिणासह उभा असणारा जुरोजिन.

होतेईची आपली भेट आधीच झालेली आहे. अलीकडे आपल्याकडे घराघरांतून आणि दुकानांतून ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून जी मूर्ती ठेवतात, ती गौतम बुद्धाची नव्हे. ती याच होतेईची, म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये होऊन गेलेल्या बुदाई नावाच्या फिरत्या भिक्षूची आहे. लोक त्याला भावी बुद्धाचा, मैत्रेयाचा अवतार मानू लागले. दोघा वृद्धांचीही एक गंमत आहे. दोघेही दक्षिणेकडील एका तेजस्वी ताऱ्याचे मानवी रूप समजले जातात. चिनी लोकांनी त्या ताऱ्याला दीर्घायुष्याचा म्हातारा म्हटले. आपण त्याला अगस्त्य म्हणतो. आकाशातल्या एकाच बिंदूत दोन संस्कृतींना एकेक वृद्धच दिसावा, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो.

सातही देव पुष्कळदा एका नौकेत बसलेले दाखवितात. ही ‘ताकाराबुने’, म्हणजे खजिन्याची नौका. नववर्षाच्या दिवसांत ती समुद्रावरून बंदरात येते अशी लोकसमजूत. जानेवारीच्या २ तारखेच्या रात्री या नौकेचे चित्र उशीखाली ठेवून झोपावे, म्हणजे वर्षातले पहिले स्वप्न शुभ पडते. स्वप्न वाईट पडले तर ते चित्र नदीत सोडून द्यावे. चित्रावर जी छोटी कविता छापतात ती उलटसुलट कशीही वाचली तरी तीच राहते. आपल्याकडील विलोमकाव्याच्या रसिकांना हे ऐकून आनंद वाटेल. भाग्य समुद्रावरून येते, ही कल्पना मात्र ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

आता मातीकडे वळू. आपण ज्याला चिनी माती म्हणतो ती विद्या नावाप्रमाणेच चीनची. जपानला ती फार उशिरा साध्य झाली. १५९२ ते १५९८ या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. त्या स्वाऱ्यांतून परतताना जपानी सरदारांनी अनेक कोरियन कुंभारांना आपल्याबरोबर नेले. ही माणसे स्वखुशीने गेलेली नव्हती. त्यांपैकी री साम्पेई या जपानी नावाने प्रसिद्ध असलेल्या कुंभाराला क्यूशू बेटावरील आरिता गावाजवळ इझुमियामा येथे चिनी मातीला योग्य असा दगड सापडला. परंपरा त्याचे साल १६१६ सांगते. तेथून जपानी चिनी मातीच्या भांड्यांचा उदय झाला. आरिताचा माल इमारी बंदरातून बाहेर जाई, म्हणून जग त्याला ‘इमारी’ म्हणू लागले. १६४४ साली चीनमध्ये मिंग घराण्याची सत्ता कोसळली, त्या धामधुमीत तिकडचा माल मिळेनासा झाला, आणि डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५९ साली आरिताकडे मोठी मागणी नोंदविली. पुढे युरोपातील राजवाड्यांची दालने या भांड्यांनी भरली.

ज्या कोरियन कुंभाराला पाडाव करून आणले असेल, त्याचे पुढे काय झाले? आरिता येथील एका देवस्थानात त्याची आज देव म्हणून पूजा होते. त्या देवस्थानाचे प्रवेशतोरणही चिनी मातीचेच आहे. इतिहास कोणाला बंदिवान करतो आणि त्याचीच पुढे कशी आरती ओवाळतो, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

मूर्तींच्या बाबतीत तीन ठिकाणे विशेष लक्षात ठेवावीत. एक आरिता. दुसरे त्याच्या जवळचे मिकावाची. तेथील शुभ्र कामाला ‘हिरादो’ म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात तेथे फार नाजूक मूर्ती घडल्या. काही मूर्तींत वस्त्रांना झिलई देऊन चेहरा व हात मुद्दाम कोरे ठेवीत, त्यामुळे त्वचेचा मऊपणा भासतो. तिसरे ठिकाण म्हणजे होन्शू बेटावरील कुतानी. कुतानी म्हणजे नऊ दऱ्या. हिरवा, पिवळा, तांबडा, जांभळा आणि गडद निळा हे तेथील पाच रंग. १८६८ साली मेइजी राजवट सुरू झाल्यावर जपानचा परदेशी व्यापार वाढला, १८७३ च्या व्हिएन्ना येथील जागतिक प्रदर्शनात त्याच्या कारागिरीचा बोलबाला झाला, आणि त्यानंतर तांबड्या व सोनेरी नक्षीचा कुतानी माल परदेशी जाऊ लागला. त्यात या भाग्यदेवांच्या मूर्तीही पुष्कळ होत्या. होतेईच्या झग्यावर जरीचे वाटावे असे सोनेरी काम करण्याची या कारागिरांना विलक्षण हौस होती.

अशी मूर्ती आतून पोकळ असते. भरीव मूर्ती भट्टीत तडकेल. साच्याच्या दोन बाजूंत माती दाबून, त्या जोडून, सांधे पुसून घेतात. आतली तापलेली हवा बाहेर पडावी म्हणून तळाशी किंवा पाठीमागे भोक ठेवतात. झिलईची भाजणी सुमारे १३०० अंश तापमानाला होते. भाजताना मूर्ती लक्षणीय आक्रसते, म्हणून साचा मोठाच करावा लागतो. वरचे रंग त्यानंतर चढवितात आणि सुमारे ८०० अंशांच्या सौम्य आचेवर पुन्हा भाजतात. सोने शेवटी येते. त्यामुळे ते सर्वांत आधी झिजते. जुन्या मूर्तीच्या पोटावरचे आणि गुडघ्यावरचे सोने पुसट झालेले दिसते, कारण हात तेथेच लागतो. झीज जर हात न लागणाऱ्या खोलगट भागातही सारखीच असेल, तर ती काळाने केलेली नसून विक्रेत्याने केलेली आहे, असा संशय घ्यावा.

तळाशी असलेल्या शिक्क्यांवरूनही काळाचा अंदाज येतो. अमेरिकेत १८९१ पासून आयात मालावर देशाचे नाव असणे सक्तीचे झाले, म्हणून त्या देशी जाणाऱ्या जपानी मालावर ‘निप्पोन’ असे रोमन लिपीत येऊ लागले. निप्पोन हा जपानी शब्द आहे, इंग्रजी नाव हवे, असे तेथील जकात खात्याने १९२१ साली ठरविले, तेव्हापासून ‘जपान’ हा शब्द आला. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर १९५२ पर्यंतच्या काही मालावर ‘ऑक्युपाइड जपान’, म्हणजे व्याप्त जपान, असे लिहिलेले आढळते. भाग्यदेवाच्या पायाखाली देशाच्या पराभवाची नोंद असावी, हे वाचून मन क्षणभर थबकते. शिक्का नाही म्हणून मूर्ती फार जुनी, असे मात्र समजू नये. देशातच विकावयाच्या मालाला या शिक्क्याची गरज नव्हती. जपानी चिनी मातीचे काम मुळातून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातील जपानी दालनात सवडीने एक दुपार काढावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या सातांपैकी होतेई आणि दोन वृद्ध चीनचे. दाइकोकु, बिशामोन आणि बेन्झाइतेन हे तिघे भारताचे. बेन्झाइतेन, दाइकोकुतेन या नावांतील ‘तेन’ हे पद आपल्या ‘देव’ शब्दाच्या जागी वापरलेले आहे.

दाइकोकु म्हणजे कोण? अक्षरशः पाहिले तर ‘दाइ’ म्हणजे महा आणि ‘कोकु’ म्हणजे काळा. होय, हा आपला महाकाल! येथून जवळच, उज्जैनच्या शिखराखाली जो बसला आहे, ज्याचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी पुन्हा उभारले, त्याच नावाचा हा देव. ‘काल’ या शब्दाचे वेळ आणि काळा असे दोन अर्थ. चिनी भाषांतरकारांनी दुसरा उचलला, आणि सर्वसंहारक काळाचा बघता बघता एक काळा, बुटका, आनंदी गृहस्थ झाला. हे झाले कसे? याचा एक दुवा इत्सिंग या चिनी यात्रेकरूने सातव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेविला आहे. भारतातील मोठ्या विहारांत स्वयंपाकघराच्या खांबाशी हातात सोन्याची थैली घेतलेली एक लाकडी देवमूर्ती असते. तिला नेहमी तेल पुसत असल्याने ती काळी पडते, आणि तिला महाकाल म्हणतात, असे तो सांगतो. शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या आपल्या लोकांना हे चित्र मुळीच परके वाटणार नाही. म्हणजे थैली आणि स्वयंपाकघर या गोष्टी महाकालाने आपल्या देशातूनच बरोबर नेल्या. नवव्या शतकाच्या आरंभी साइचो या आचार्याने त्याला हिएई पर्वतावरील मठात नेऊन बसविले, असे परंपरा मानते. पुढे जपानच्या ओकुनिनुशि या प्राचीन देवाच्या नावातील अक्षरे ‘दाइकोकु’ अशीही वाचता येतात, एवढ्या नादसाम्यावर दोन देव एकरूप झाले. त्या ओकुनिनुशीला वणव्यातून एका उंदराने वाचविल्याची कथा ७१२ सालच्या ‘कोजिकी’ या ग्रंथात आहे. तोच उंदीर आता मूर्तीच्या पायाशी येऊन बसला. घराच्या मधल्या आधारखांबाला, आणि म्हणून घरच्या कर्त्या माणसालाही, जपानी भाषेत ‘दाइकोकुचा खांब’ म्हणतात.

१८८५ साली बँक ऑफ जपानने पहिल्या नोटा काढल्या तेव्हा त्यांच्यावर याच देवाचे चित्र छापले. कागद बळकट व्हावा म्हणून त्यात एका कंदाचे पीठ मिसळले होते. परिणाम असा झाला, की उंदीर त्या नोटा कुरतडू लागले. धन्याच्या चित्राचा वाहनाने असा समाचार घ्यावा, हे विधिलिखितच म्हणावयाचे!

बिशामोनची कथा थोडक्यात सांगतो. बिशामोन हा शब्द ‘वैश्रवण’ या शब्दाचा चिनी उच्चारातून घासत आलेला अवशेष आहे. वैश्रवण म्हणजे कुबेर. मराठीच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, की शब्दाच्या परगमनाच्या दोन वाटा असतात. एक अर्थ नेऊन नाव तेथेच घडविण्याची. महाकालाचा दाइकोकु तसा झाला. दुसरी ध्वनी झिजत जाण्याची, आपल्या तद्भव शब्दांसारखी. वैश्रवणाचा बिशामोन तसा झाला. आपल्याकडे ढेरपोट्या, धनाच्या थैल्या सांभाळणारा हा उत्तर दिशेचा लोकपाल तिकडे चिलखत चढवून सेनानी बनला. सोळाव्या शतकातील उएसुगि केन्शिन हा विख्यात सरदार त्याचा इतका भक्त, की त्याच्या युद्धध्वजावर याच देवाच्या नावाचे आद्याक्षर असे.

आणि आता सरस्वती. ‘सुवर्णप्रभाससूत्र’ या बौद्ध ग्रंथात तिच्यावर एक प्रकरण आहे. जो हा ग्रंथ सांगेल त्याला मी वाणी देईन, स्मृती देईन, असे आश्वासन ती तेथे देते. चिनी भाषांतरकारांनी म्हणून तिचे नाव वक्तृत्वगुणाची देवता या अर्थाचे ठेवले. जपानी उच्चारात ‘बेन’ म्हणजे वाणी आणि ‘झाइ’ म्हणजे प्रतिभा. आठव्या शतकात जपानच्या सम्राटाने हा ग्रंथ राज्यरक्षक मानून प्रांतोप्रांतीच्या मठांत ठेवविला. त्याच शतकातील तिची अष्टभुजा मृण्मयी मूर्ती नारा येथील तोदाइजी मंदिराच्या संग्रही आहे. तिच्या हातांत शस्त्रे होती. पुढे वीणेच्या जागी बिवा घेतलेले द्विभुज रूप लोकप्रिय झाले, आणि चिनी मातीत आपल्याला दिसते ते हेच. तिची देवळे बहुधा बेटांवर, सरोवरांत, पाण्याकाठी असतात. आपल्याकडे जी नदी वाळूत लुप्त झाली, तिच्या पाण्याची आठवण इतक्या दूरवर टिकून राहिली.

परंतु तिच्या नावात एक सूक्ष्म बदल झाला. प्रतिभा या अर्थाचे ‘झाइ’ हे अक्षर, आणि धन या अर्थाचे ‘झाइ’ हे अक्षर. लिहिण्यात भिन्न, उच्चारात एकच. मध्ययुगात केव्हातरी प्रतिभेच्या जागी धनाचे अक्षर लिहिले जाऊ लागले. म्हणणाऱ्याच्या जिभेला फरक कळला नाही. लिहिणाऱ्याच्या लेखणीने देवतेचे काम बदलून टाकले. वाणीची देवता धनाची देवता झाली. कामाकुरा येथे तिचे एक स्थान आहे, तेथील झऱ्याच्या पाण्यात भाविक आपली नाणी धुतात. धुतलेला पैसा वाढतो अशी श्रद्धा. सरस्वतीच्या पाण्यात वाणी शुद्ध करावयाची, की पैसे धुवावयाचे? आपल्याला हे खटकते. पण जरा थांबून आपल्याच शहरांतील शिक्षणसंस्थांच्या प्रवेशशुल्काचे फलक वाचावेत, म्हणजे अक्षर बदलण्याचे हे काम केवळ जपानमध्येच झाले असे वाटणार नाही.

एव्हाना श्रोत्यांतील कोणी तरी मनात विचारीत असेल, की या मंडळात आमचा गणपती कसा नाही? गणपतीही जपानला गेला. कांगितेन, शोतेन या नावांनी त्याची तिकडे उपासना होते, त्याला मुळा वाहतात, आणि मोदकाचीच आठवण देणारा एक तळलेला गोड पदार्थ त्याला अर्पण करतात. परंतु त्याची मूर्ती बहुधा बंद देव्हाऱ्यात गुप्त ठेवितात, भाविकांनाही ती दिसत नाही. म्हणून तो या प्रकट, हसऱ्या, चिनी मातीच्या मेळ्यात आला नाही. जो आपल्याकडे चौकाचौकांत बसतो तो तिकडे पडद्याआड गेला, आणि जो स्मशानाचा स्वामी तो स्वयंपाकघरात आला.

मंत्रिमंडळात होते तसे हे खातेपालट पाहून आपण हसतो. कुबेराकडचे अर्थखाते सरस्वतीकडे गेले, कुबेराला संरक्षण मिळाले आणि महाकालाकडे अन्नपुरवठा आला. पण हसून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. यात त्यांचे मूळपण राहिले का? मूळ रूप जसेच्या तसे राखणे हीच निष्ठा, असे मानणारा मनुष्य म्हणेल, की हा भ्रंश आहे. मला तसे वाटत नाही. पण काही हरवले नाही असेही मी म्हणणार नाही. महाकालाच्या रूपातले मृत्यूचे भान गेले, आणि ते फार मोठे भान होते. मात्र ज्या घरात हे देव गेले त्या घराच्या भुकेला, भयाला आणि आशेला ते उपयोगी पडले, म्हणून हजार-बाराशे वर्षे टिकले. जी गोष्ट केवळ जपून ठेवली जाते ती दालनात उरते. जी वापरली जाते ती घरात उरते.

सातांतील एकच देव अस्सल जपानी, तो एबिसु. त्याची तरी कथा काय आहे? त्याला पुढे हिरुको मानले गेले. सृष्टिकर्त्या दांपत्याचे हे पहिले अपंग मूल. आईबापांनी त्याला वेताच्या नावेत घालून समुद्रात सोडून दिले. ते कोठल्यातरी किनाऱ्याला लागले, तेथील कोळ्यांनी वाढविले, आणि त्याचा एबिसु झाला. समुद्रातून वाहत आलेल्या वस्तूलाही किनाऱ्यावरचे लोक एबिसु म्हणत. आणि या शब्दाचा जुना अर्थ आहे परका, रानटी, बाहेरचा! म्हणजे ज्या भाग्याच्या नौकेत सहा प्रवासी परदेशचे, तिच्यातला सातवा, घरचा म्हणावा असा देवही घरातून टाकलेला आणि परका हेच नाव मिरविणारा. भाग्य समुद्रावरून येते, असे जपानी माणसाने मानले ते उगीच नव्हे. आणि या सातांना जी चिनी मातीची काया मिळाली, तिची विद्याही बंदिवान परक्यांनी आणलेली. ‘बाहेरचा’ हा शब्द आजकाल ज्या सुरात उच्चारला जातो, तो ऐकताना मला ही नौका आठवते. आपल्याही पणजोबा-खापरपणजोबांना या माळव्यात कोणी तरी बाहेरचे म्हटलेच असेल.

सरस्वतीने वाणी गमावली, असे म्हणून मी थांबलो तर तिच्यावर अन्याय होईल. ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीत प्राण भरण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. ८०४ साली चीनला गेलेला कूकाई हा आचार्य तेथे भारतीय पंडितापाशी शिकला आणि संस्कृत मंत्रांची सिद्धम् लिपी घेऊन मायदेशी परतला. तिच्या अभ्यासातून बौद्ध पंडितांनी अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी अक्षरांचा एक तक्ता बसविला. त्याचा क्रम ऐका : अ, इ, उ, ए, ओ. आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व. यातला ‘स’ हा आपल्या ‘च’च्या जागी आणि ‘ह’ हा ‘प’च्या जागी आहे, कारण त्यांचे प्राचीन उच्चार तसे होते. ही आपली बाराखडी नव्हे तर काय? आजचे जपानी शब्दकोश याच क्रमाने लावलेले असतात. ग्रंथालयातील सूचीही याच क्रमाने चालते. बेन्झाइतेनच्या झऱ्यावर नाणी धुणाऱ्या माणसाने घरी जाऊन शब्दकोश उघडला, की त्याचे बोट ज्या वाटेने फिरते ती वाट सरस्वतीची आहे. त्याला ते ठाऊक नसेल. तिला नाव मिळाले नाही, मूर्ती मिळाली नाही. पण काम मिळाले.

श्रोतेहो, ग्रंथालयात ज्या खिडकीवरून पुस्तके दिली-घेतली जातात तिला आपण ‘देवघेव विभाग’ म्हणतो. हा शब्द मला फार आवडतो. भाषा टिकते ती या खिडकीवर. मराठी मुलुखाबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांत हिंदी शब्द आले, क्रियापदांची वळणे बदलली, नातवंडे एका वाक्यात तीन भाषा बोलतात. त्याचा खेद करीत बसणारे पुष्कळ आहेत. मला त्याची फारशी धास्ती वाटत नाही. मला धास्ती वाटते ती खिडकीवरची वही कोरी राहण्याची. आपली मराठी काचेच्या कपाटातील सुबक मूर्ती झाली, तिच्यावर धूळ बसू नये म्हणून आपण दरवर्षी एक समारंभ केला, आणि वर्षभर कोणी पुस्तकच नेले नाही, तर शंभर काय, दोनशे वर्षे झाली तरी ते संग्रहालयाचे वय असेल, ग्रंथालयाचे नव्हे.

दसऱ्याला आपल्या घरांत पाटीपूजन होते. एकाच्या आकड्यांनी पाटीवर सरस्वती काढतात. तिला चेहरा नसतो, वीणा नसते, मोरही नसतो. मुलाच्या हातून ती वेडीवाकडी येते आणि दुसऱ्या दिवशी पुसली जाते, कारण त्या पाटीवर लिहावयाचे असते. तशी पुसली जाणारी आणि पुन्हा काढली जाणारी सरस्वती या वास्तूत पुढील शंभर वर्षे नांदो, एवढी इच्छा व्यक्त करतो.